पिण्याच्या धरणात पुरासाठी जागा: पाऊस येण्याआधी काय काय करून ठेवायचं

पाणीपुरवठ्याचं धरण कायम भरलेलं असावं असं शहराला वाटतं आणि त्यात थोडी जागा रिकामी असावी असं खालच्या नदीकाठाला वाटतं. दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणूनच हा वाद ऐन पावसात सोडवायला घेऊ नये. पाऊस सुरू होण्याच्या कितीतरी आधी कोणत्या तारखेला पाणीपातळी किती असावी याचा तक्ता तयार हवा. हंगामाच्या सुरुवातीला मोकळी जागा जास्त, पुढे ती कमी होत जाणारी, आणि पाऊस सरताना धरण पूर्ण भरलेलं. हा तक्ता सरासरी वर्षावर बेतू नका. नोंदवहीतली सर्वांत कोरडी वर्षं काढा. त्या वर्षांत अमुक तारखेनंतर आवक किती झाली ते पाहा. तेवढ्यावर पुढच्या हंगामापर्यंतची पिण्याची गरज आणि बाष्पीभवन भागत असेल, तर तेवढी जागा निर्धास्त मोकळी ठेवता येते. या हिशेबाखाली पाणीपुरवठा विभागाची सही असलीच पाहिजे. ती नसेल तर प्रसंगी दरवाजा उचलायचा धीर कुणालाच होत नाही, कारण नंतर टंचाई आली की बोट त्याच्याकडे वळणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

हे कागदावरच राहणारं स्वप्न नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर नदीच्या उगमाकडची कॅननव्हिल, पेपॅक्टन आणि नेव्हरसिंक ही तीन धरणं न्यूयॉर्क शहराला पाणी देतात. २००४, २००५ आणि २००६ असे लागोपाठ पूर आल्यावर तिथल्या पाणी सोडण्याच्या नियमांत थंडीच्या काळात सुमारे १० टक्के जागा मोकळी राखण्याचं उद्दिष्ट घातलं गेलं. डोंगरावर साचलेल्या बर्फात किती पाणी आहे तेही त्या हिशेबात धरतात. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की जागा किती ठेवायची याचा आकडा आधी ठरलेला आहे.

आता धरणाची ताकद तपासा. जागा करायची म्हटलं तरी पाणी बाहेर काढायची वाट आहे का? १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, साठा एका दिवसात उतरवायचा तर चोवीस तास सलग ११,५७४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, विसर्ग लागतो, आणि आत येणारं पाणी त्यात धरलेलंच नाही. सांडवा म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर पडायची वाट. दरवाजे असलेल्या सांडव्यातून पाणी सोडता येतं ते सांडव्याच्या माथ्यापर्यंतच. त्याखाली उरतात तळाचे मोरीदरवाजे, आणि पिण्याच्या जुन्या धरणांत ते फार लहान असतात. काही सांडव्यांना तर दरवाजेच नाहीत. अशा धरणात दोन दिवसांच्या अंदाजावर जागा होत नाही. तिथे पातळी काही आठवडे आधीपासून हळूहळू उतरवत आणावी लागते. मातीचं धरण असेल तर दिवसाला किती उतरवायचं याची मर्यादा अभियंत्याकडून लिहून घ्या. पाणी झपाट्याने खाली गेलं तर आतल्या बाजूचा भिजलेला भराव घसरू शकतो. कोणत्या पातळीला किती पाणी मावतं हे सांगणारा साठ्याचा तक्ता किती जुना आहे तेही पाहा. गाळामुळे खरी क्षमता कागदापेक्षा कमी झालेली असते.

दरवाजे, तारदोर, मोटारी आणि जनित्र यांची चाचणी प्रत्यक्ष दरवाजा उचलून घ्या, नुसती पाहणी पुरत नाही. वीज नसताना हाताने दरवाजा उचलायला किती माणसं आणि किती वेळ लागतो ते एकदा करून बघा.

खालची नदी किती पाणी पोटात घेते हा आकडा धरणावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. नदी काठाबाहेर पडते तो विसर्ग, सगळ्यात खालचा पूल बुडतो तो विसर्ग, पहिल्या वस्तीत पाणी शिरतं तो विसर्ग, असे टप्पे मांडा. त्यातून धरणाखाली मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांचं पाणी वजा करा, कारण त्यांच्यावर आपला ताबा नसतो. धरणाचं पाणी त्या ठिकाणी किती तासांनी पोचतं हे माहीत असेल, तर उपनदीचा लोंढा ओसरेपर्यंत आपला विसर्ग थोपवून धरता येतो. छोटं धरणही खालच्या गावाला खरी मदत करतं ते याच काही तासांत.

पाणलोटाचा, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी वाहून धरणात येतं त्याचा, अंदाजही आकड्यांत मांडून ठेवा. १०० चौरस किलोमीटर पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ६० टक्के वाहून आला, तर ६० लाख घनमीटर पाणी धरणात येतं. जमीन आधीच चिंब असेल तर हा वाटा आणखी वाढतो. म्हणून हंगामातल्या दुसऱ्या-तिसऱ्या मोठ्या पावसाला पहिल्याचे आकडे लावू नका.

पूर्वअंदाज पाहून पाणी सोडताना थोडं आणि लवकर सोडा. चेंबरंबाक्कम हा चेन्नईला पाणी पुरवणारा तलाव, क्षमता ३,६४५ दशलक्ष घनफूट. १ डिसेंबर २०१५ ला तिथून अड्यार नदीत २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं. भरत आलेल्या साठ्यावर अतिवृष्टी झाली की हातात फारसे पर्याय उरत नाहीत. रात्री सोडायची वेळ येऊ नये म्हणून संध्याकाळचा अंदाज दुपारीच मागवा. मध्यरात्री आदेश कोण देणार, तो फोनवर मिळाला नाही तर दुसरा कोण, हे नावानिशी लिहून ठेवा. धरणाला धोका होण्याची पातळी आली की बाकी सगळे नियम मागे पडतात. ती पातळीही त्याच कागदावर असू द्या.

गावांना क्युसेक सांगून भागत नाही. ‘पहाटे चारपर्यंत पुलावर पाणी येईल, पंप आणि जनावरं आत्ताच वर घ्या’ असं सांगा, आणि पहिला भोंगा कोरड्या दिवसात वाजवून तो कुठपर्यंत ऐकू जातो ते पाहा.

शुद्धीकरण केंद्र विसरू नका. पातळी उतरलेली असताना नवा लोंढा आला की गढूळपणा एकदम चढतो, म्हणून तुरटीचा साठा आधी वाढवा आणि कोणत्या उंचीवरून पाणी उचलायचं ते ठरवा. तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि लोह-मँगनीज जास्त असू शकतं, त्यामुळे तळातून सोडताना नदीतल्या माशांचाही विचार हवा.

लोकांना जास्तीचं आश्वासन देऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराजवळच्या वायव्हनहो धरणात १,१६५ अब्ज लिटर पुरवठ्याच्या साठ्यावर १,४५० अब्ज लिटर जागा खास पुरासाठी होती, तरी जानेवारी २०११ मध्ये शहरात पाणी शिरलं. पुढच्याच महिन्यात पुरवठ्याचा साठा ७५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. मोकळी जागा मध्यम पुराला बराच आवर घालते. अतिमोठ्या पुरात ती लोकांना बाहेर पडायला वेळ मिळवून देते, आणि तेवढंच सांगावं.

पूर ओसरला की काम संपलं असं समजू नका. अडवलेलं पाणी पुढच्या पावसाआधी, खालच्या नदीला पेलेल अशा बेताने सोडून जागा पुन्हा मोकळी करा. तासातासाची आवक, विसर्ग आणि पातळी त्याच आठवड्यात नोंदवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा तक्ता त्यावरून दुरुस्त करता येईल.