भुताच्या जहाजामागचे खरे जहाज कसे शोधावे: ब्लॉक आयलंडच्या ‘पॅलाटिन’चा दाखला

अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या दक्षिणेस समुद्रात असलेल्या ब्लॉक आयलंड या लहानशा बेटावर सांगतात की, नाताळ आणि नववर्ष यांच्या दरम्यानच्या रात्री ‘पॅलाटिन’ नावाचे जहाज क्षितिजावर जळताना दिसते. बेटावरच्या लोकांनी खोटे दिवे दाखवून ते खडकांवर ओढले, लुटले आणि पेटवून दिले, अशी ही कथा आहे. अशी दंतकथा हाती आली की ती खरी की खोटी, असा प्रश्न आधी विचारू नये. तिच्यातील जहाजाचे नाव, तारीख, दोषी माणूस आणि आग हे चार धागे सुटे करावेत आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी करावी.

पहिला धागा नावाचा. या दुर्घटनेच्या कागदपत्रांत ‘पॅलाटिन’ नावाचे जहाज शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण ते जहाजाचे नाव नव्हतेच. ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलाटिनेट प्रांतातून स्थलांतर करणाऱ्या जर्मनांना, आणि पुढे एकूणच जर्मन स्थलांतरितांना, इंग्रज वसाहतींत ‘पॅलाटिन’ म्हणत. प्रवाशांची ही ओळख पुढे जहाजाला चिकटली. खरे जहाज होते ‘प्रिन्सेस ऑगस्टा’, जे 1738 च्या ऑगस्टमध्ये रॉटरडॅमहून फिलाडेल्फियाकडे निघाले होते. येथे एक सावधगिरी बाळगावी. 1727 पासून पेनसिल्व्हेनियात उतरणाऱ्या परदेशी पुरुषांना निष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि त्या याद्या आजही उपलब्ध आहेत. त्यांत 1736 साली आलेल्या ‘प्रिन्सेस ऑगस्टा’ची नोंद मिळते, परंतु ती आधीच्या सुखरूप प्रवासाची आहे. तिच्यातील नावे 1738 च्या मृतांच्या माथी मारू नयेत.

दुसरा धागा तारखेचा, आणि माझ्या मते सर्वांत अधिक चुका येथेच होतात. जहाज 27 डिसेंबर 1738 रोजी हिमवादळात बेटाच्या उत्तर टोकाला, सँडी पॉइंटजवळ, रुतले. ही तारीख मात्र जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी नवे पंचांग 1752 मध्ये स्वीकारले आणि अठराव्या शतकात दोन्हींत 11 दिवसांचा फरक होता. म्हणून आजच्या मोजणीने तो दिवस 7 जानेवारी 1739 ठरतो. शिवाय इंग्रजी कायद्यातील वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू होत असल्याने, जानेवारीतील कागदावर ‘1738’ दिसले तर तो जहाज रुतल्यानंतरचा, आपल्या हिशेबाने 1739 चा, कागद समजावा. नाताळच्या आठवड्यात ज्योत पाहायला किनाऱ्यावर उभे राहणारे लोक खऱ्या स्मृतिदिनाच्या आधीच घरी परततात.

तिसरा धागा दोषाचा, आणि त्यासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. खलाशांनी त्या वेळी शपथेवर दिलेल्या जबान्या 1925 मध्ये सापडल्या आणि 1939 मध्ये छापल्या गेल्या. त्या वाचल्यावर कथेचा तोल पूर्णपणे बदलतो. दूषित पाण्यामुळे ताप आणि हगवण पसरून सुमारे 200 प्रवासी, निम्मे खलाशी आणि कप्तान जॉर्ज लाँग वाटेतच मेले. मग मुख्य सहायक अँड्र्यू ब्रुक याने सूत्रे हाती घेतली. उरलेल्या शिध्यासाठी त्याने उपाशी प्रवाशांकडून पैसे उकळले, असा आरोप आहे. जहाज रुतल्यावर तो खलाशांसह किनाऱ्यावर आला आणि प्रवासी जहाजावरच राहिले. त्यांना उतरवू द्यावे म्हणून बेटवासीयांनी त्याची मनधरणी केली आणि पुढे त्यांचे सामानही बाहेर काढले. म्हणजे ज्यांनी हात दिला, त्यांनाच दंतकथेने लुटारू ठरवले, आणि माणसे दाटीवाटीने भरून नेणारा व्यापार मात्र तिच्यातून नामानिराळा सुटला. कोणतीही जहाजकथा तपासताना दोष खरा कोणाचा आणि तो कोणाच्या माथी मारला गेला, हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण किनाऱ्यावरचे गरीब लोक आरोपाला उत्तर द्यायला सहसा कागद घेऊन येत नाहीत.

प्रवाशांचा आकडा काही वृत्तांतांत 240 च्या आसपास, तर काहींत 350 च्या जवळ जातो. या व्यापारात मुलाचे अर्धे भाडे धरत, त्यामुळे ‘भाडी’ आणि ‘माणसे’ यांची मोजणी जुळत नसे. आकडा लिहिताना तो कोणाचा आहे हेही लिहावे.

उरली आग. जबान्यांत जहाज पेटवल्याचा उल्लेख नाही. खोटे दिवे, लूट आणि आग यांचे चित्र सर्वदूर नेले ते जॉन ग्रीनलीफ व्हिटिअर यांच्या 1867 च्या ‘द पॅलाटिन’ या कवितेने. बेटाचा इतिहास लिहिणारे लिव्हरमोर यांनी 1877 मध्येच या आरोपाचा प्रतिवाद केला, पण कवितेच्या वेगाने तो पोहोचला नाही. तरीही समुद्रावरचा प्रकाश कवीने निर्माण केला असे मानणे चूक ठरेल. बेटावर राहिलेले डॉक्टर ॲरन विली यांनी 1811 च्या पत्रात त्याचे वर्णन केले आहे: कधी दूरच्या खिडकीतील दिव्याएवढा, तर कधी सारी शिडे उभारलेल्या जहाजाएवढा, आणि तोही सर्व ऋतूंत, बहुधा वादळाआधीच्या शांत हवेत. ‘नाताळच्या रात्री’ ही अट त्यात नाही. त्यामुळे प्रकाशाचे अनुभव आणि जहाजाचा इतिहास यांच्या टिपणवह्या वेगळ्या ठेवाव्यात.

शेवटी मृतांकडे यावे. किनाऱ्यावर आणल्यानंतरही सुमारे 20 जण मरण पावले आणि त्यांना बेटावरच पुरण्यात आले. 1947 मध्ये तेथील इतिहास मंडळाने त्या जागी एक दगड उभारला, ज्यावर ‘पॅलाटिन कबरी’ आणि 1738 एवढेच कोरले आहे. आपले टिपण लिहिताना या माणसांपासून सुरुवात करावी आणि जळत्या जहाजाचा परिच्छेद त्यांच्या नंतर ठेवावा.