एसइओ कंपनी नेमताय? या चुका टाळा

फेब्रुवारीत मामाचा फोन आला. "सहा महिने पैसे भरतोय. कंपनीवाला म्हणतो आपण गूगलवर पहिल्या नंबरला आहोत. पण एक ऑर्डर नाही गं!" मामाची देवगडला हापूसची बाग आहे. दलालाला न देता पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या घरांत पोचवायच्या म्हणून त्याने वेबसाइट काढली आणि एका एसइओ कंपनीला, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायचं काम करणाऱ्या कंपनीला, महिन्याच्या हप्त्यावर काम दिलं.

मी त्याच्याकडून रिपोर्ट मागवले. दर महिन्याला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ यायची. त्यात बारा शब्दांचा तक्ता होता आणि प्रत्येकापुढे हिरवा बाण, "क्रमांक १". पहिला शब्द बागेचं स्वतःचं नाव. दुसरा, तेच नाव आणि पुढे गाव. तिसरं तर सात शब्दांचं लांबलचक वाक्य, असं कुणी गूगलमध्ये टाइप करणार नाही. बागेचं नाव ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे मामाचा फोन नंबरही असतोच. जे नवं गिऱ्हाईक "देवगड हापूस पेटी किंमत" असं शोधतं, त्याचे शब्द त्या तक्त्यात कुठेच नव्हते.

म्हणून कंपनीने बनवलेल्या रिपोर्टवर थांबू नका. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमची साइट दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केलं, हे त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. स्वतःच्या फोनवर शोधून खात्री करू नका, कारण गूगल जागेप्रमाणे निकाल बदलतं. देवगडात बसून दिसणारा निकाल डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला तसाच दिसेल असं नाही.

पण मामाला कन्सोल उघडताच येईना. ते कंपनीच्या खात्यात होतं. डोमेनही, म्हणजे साइटचा पत्ता, कंपनीने स्वतःच्या नावावर घेतलेलं. ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते. बाकीच्या चुकांत पैसे जातात, इथे दुकानाची पाटीच दुसऱ्याच्या मालकीची होते. डोमेन सोडवायला आम्हाला तीन आठवडे विनवण्या कराव्या लागल्या, आणि तोवर बाजारात पहिल्या पेट्या आल्या होत्या.

काम देण्याआधीच हे बघून घ्या. डोमेन जिथे नोंदवलंय तिथलं लॉगिन तुमच्या ईमेलवर हवं, आणि नूतनीकरणाची आठवणही तुम्हालाच यायला हवी. डोमेन कुणाचं हे दाखवणाऱ्या व्हूइज नोंदीत नाव बरेचदा झाकलेलं असतं, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. सर्च कन्सोलमध्ये मालक तुम्ही, कंपनी फक्त वापरकर्ता. गूगल मॅपवर दिसणाऱ्या बिझनेस प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही, कंपनी मॅनेजर. मॅनेजरला दुसऱ्या कुणाला काढता-घालता येत नाही. सुरुवातीला तर कन्सोल फक्त बघण्यापुरतं द्या आणि त्यावरून साइटची तपासणी करून मागा. काय बिघडलंय, ते का महत्त्वाचं आहे, दुरुस्तीला किती वेळ लागेल, एवढं साध्या मराठीत लिहून देता आलं तर पुढचं बोलणं करा.

"पहिल्या क्रमांकाची गॅरंटी" ऐकलं की तिथेच थांबा. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. "आम्ही गूगल पार्टनर आहोत" हेही नीट समजून घ्या. तो बिल्ला गूगलवरच्या जाहिरातींच्या कामासाठी मिळतो. जाहिरातीला पैसे दिल्याने खालच्या फुकट निकालांतली जागा वर सरकत नाही.

बॅकलिंकचं, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंकचं, प्रकरण जास्त गंभीर आहे. साइट किती वर दाखवायची हे ठरवताना गूगल या लिंकही बघतं. "महिन्याला ५०० लिंक" असं पॅकेज म्हणजे बहुतेक वेळा रद्दी साइटवर विकत घेतलेल्या लिंक. अमेरिकेत जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं. कपड्यांपासून फर्निचरपर्यंत ती कितीतरी शोधांत सगळ्यांच्या वर होती, आणि त्यामागे असंबद्ध साइटवर पेरलेल्या हजारो लिंक होत्या. गूगलने कारवाई केल्यावर काही शब्दांत ती पहिल्यावरून थेट सत्तरीच्या आसपास घसरली. कंपनी म्हणाली, आम्हाला याची कल्पना नव्हती, आणि एसइओ कंपनीला काढून टाकलं. पण शिक्षा झाली ती साइटला. म्हणून मागच्या महिन्यात कुठून कुठून लिंक मिळवल्या याची यादी मागा आणि त्यातल्या चार-पाच उघडून बघा. आंब्याच्या साइटला परदेशी जुगाराच्या पानावरून लिंक असेल तर काम थांबवा. पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेणारेही याच जातीचे.

मामाची एक चूक मात्र त्याची स्वतःची होती. त्याला त्याच हंगामात ऑर्डर हव्या होत्या. गूगलच्याच सांगण्यानुसार या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं. मी म्हटलं, "मामा, कल्टार तू कधी घालतोस?" "पावसाळ्यात." "आणि आंबा?" कल्टार म्हणजे झाडाला मोहोर यावा म्हणून घालायचं औषध. तो लगेच समजला. मार्च ते मेच्या विक्रीसाठी साइटचं काम आधीच्या पावसाळ्यात सुरू व्हायला हवं.

नंतर ज्या मुलीला काम दिलं, तिने पहिल्या भेटीत रँकिंगचं नावही काढलं नाही. गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं, एवढंच विचारलं. पेटीत किती डझन, फळ केवढं, कुठल्या शहरात पोचवता, खराब निघालं तर काय. यातलं एकही उत्तर साइटवर नव्हतं. किमतीच्या जागी "संपर्क साधा" लिहिलेलं. हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचाही उल्लेख नव्हता.

तुम्ही आधीच अडकला असाल तर कंपनीशी भांडण शेवटी करा. आधी गोड बोलून डोमेन आपल्या खात्यात घ्या, साइटचा पूर्ण बॅकअप उतरवा, होस्टिंगचे, म्हणजे साइट जिथे ठेवलीय तिथले, पासवर्ड बदला, कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलमधली परकी नावं काढा. मग कन्सोलमध्ये "मॅन्युअल ॲक्शन" उघडा. तिथे गूगलने कारवाई नोंदवली असेल तर कारण वाचा, चूक दुरुस्त करा आणि तिथूनच फेरतपासणीची विनंती पाठवा. काही नोंद नसेल, तर कुणी "लिंक नाकारून देतो" म्हणून पैसे मागितले तरी देऊ नका. अमुक लिंक मोजू नका असं गूगलला कळवायचं ते साधन चुकीचं वापरलं तर चांगल्या लिंकही जातात.