गोष्ट खलनायकाच्या तोंडून सांगताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागात, एका खेड्यात मी दर शनिवारी पोरांकडून गोष्टी लिहून घेते. सगळ्यांना माहीत असलेली परीकथा घ्यायची आणि तिच्यातल्या दुष्टाला बोलायला लावायचं, एवढंच काम. कधी लांडगा, कधी चेटकीण, कधी सावत्र आई, कधी म्हातारीची वाट अडवणारा वाघ. ऐकायला सोपं वाटतं. पण चांगली लिहिणारी पोरंही इथं घसरतात, मोठेही घसरतात, आणि बहुतेक जण त्याच त्या ठिकाणी.

दुष्टाला धुऊन काढणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. लाल टोपीवालीचा लांडगा म्हणतो, "मी तर आजीला औषध द्यायला गेलो होतो, लोकांचा गैरसमज झाला." झालं, गोष्ट तिथंच मेली. आजीला खाल्लंच नसेल तर लांडग्याला सांगण्यासारखं उरतं काय? फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत आजी जाते, पोरगीही जाते आणि गोष्ट तिथंच संपते, सोडवायला कोणी येत नाही. पोट फाडून दोघींना बाहेर काढणारा शिकारी जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात भेटतो. यातलं कुठलंही रूप घ्या, पण खाणं काढू नका. गोष्ट फसतेय असं वाटलं की मूळ गोष्टीतल्या घटना एका कागदावर ओळीनं लिहून काढा आणि आपल्या गोष्टीत त्यातली कुठली गायब आहे ते बघा. जी गायब असेल, तिथंच खलनायक खोटं बोलायला लागलेला असतो. घटना तीच राहू द्या, त्याला ती कशी दिसली तेवढं बदला.

हे मला नीट कळलं ते ग्रिम बंधूंच्या रापुंझेल या पोरीच्या गोष्टीमुळे. रापुंझेल हे मुळात एका पालेभाजीचं नाव. शेजारच्या बाईला दिवस गेलेले असतात, चेटकिणीच्या बागेतल्या भाजीचे तिला डोहाळे लागतात आणि नवरा भिंतीवरून उडी मारून भाजी चोरतो. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा सापडतो तेव्हा चेटकीण म्हणते, हवी तेवढी भाजी ने, पण होणारं लेकरू मला दे. तेच लेकरू म्हणजे रापुंझेल. आमच्याकडं हे समजावून सांगावं लागत नाही. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात लावलेली, विहिरीचं पाणी ओढून जगवलेली भाजी रातोरात कोणी खुडून नेली तर जीव कसा तळमळतो ते पोरांना ठाऊक आहे. डोहाळे पुरवायचे असतात हेही ठाऊक आहे. म्हणजे दोन्ही बाजू घरच्याच. पहिल्या खेपेला सगळ्यांनी चोरीवरच जोर दिला आणि चेटकीण बिचारी ठरवून मोकळे झाले.

मग एका पोरीनं पुढचं लिहिलं. ग्रिमच्या गोष्टीत रापुंझेल बारा वर्षांची झाली की चेटकीण तिला मनोऱ्यात कोंडते. त्या मनोऱ्याला दार नाही, जिना नाही, वर फक्त एक खिडकी. बारा वर्षं म्हणजे सातवी. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची दुसऱ्या गावात. त्या पोरीची चेटकीण शिव्या देत नाही, शापही देत नाही. ती म्हणते, "बाहेर कशी माणसं हायेत तुले काय मालूम? मी हाओ ना तुह्यासाठी. घरात तुले काय कमी हाय?" वर्गात कोणी हललं नाही. हे शब्द प्रत्येकीनं ऐकलेले होते, आणि तेही आपल्यावर जीव टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून. चेटकिणीचं प्रेम खरं होतं आणि मनोराही खराच होता. यातलं एक खरं ठरवायला दुसरं पुसू नका. आपलं चुकतंय हे खलनायकाला कळत नसतं. ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि त्याच्याच वाक्यांतून कळलं पाहिजे.

लहानपणीचं दुःख चिकटवणं हा याच चुकीचा धाकटा भाऊ. बापानं मारलं म्हणून राक्षस झाला, एवढ्यानं काही उलगडत नाही. बापाचा मार खाऊनही राक्षस न झालेली कितीतरी माणसं गावात आहेत. भूतकाळ सांगायचाच असेल तर तो आज त्याच्या हातून काय करवतो ते दाखवा.

नुसती अदलाबदल

चिऊ-काऊच्या गोष्टीत हे फार होतं. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊ दार वाजवतो आणि चिऊताई बाळाची आंघोळ, पावडर, काजळ उरकत बसते. पोरं लगेच काऊला देव करतात आणि चिऊला दुष्ट. पण याला उलटं करणं म्हणता येत नाही. जागा तेवढ्या बदलल्या, दुष्ट एक होता तो एकच राहिला. चिऊ तिच्या जागी आईच आहे आणि पावसात भिजलेलं कोणी दार वाजवत असताना तिच्या हाताला खरंच काम असू शकतं. गोष्ट अडली की समोरच्या बाजूच्या माणसाकडून एक वाक्य लिहून बघा. ते पटण्यासारखं निघालं तर तुमचा काऊही जिवंत आहे असं समजा.

सावत्र आईच्या बाबतीत तर फारच जपून. ग्रिमच्या १८१२ च्या पुस्तकात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. सावत्र केली ती १८१९ च्या आवृत्तीत. मी हे वर्गात सांगते, कारण सावत्र आईच्या हातची भाकर खाऊन शाळेत येणारं लेकरू तिथंच बसलेलं असतं आणि "सावत्र आई म्हणजे दुष्टच" हे त्यानं किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही.

बोली कोणाला द्यायची

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. राजकुमारी पुस्तकी मराठीत बोलते आणि लांडगा वऱ्हाडीत. का? नाटका-सिनेमात वऱ्हाडी बोलणारा गडी एकतर हसवायला असतो नाहीतर गुंड असतो, आणि तेच पाहून आमची पोरंही आपली भाषा दुष्टालाच देतात. बोली द्यायची तर सगळ्या पात्रांना द्या. राजकुमारीही म्हणू दे, "काहून आला बे तू इथं?"

गोष्ट इकडं आणताना अर्धी आणू नका, हेही जाता जाता सांगते. लांडगा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरात आणि आजी बर्फातल्या लाकडी घरात, असं चालत नाही. त्यापेक्षा सगळी गोष्ट जर्मनीतच राहू द्या, किंवा आजीला मातीच्या घरात, मोहाच्या झाडाजवळ बसवा.

वाघ आला की थांबून विचार करा. २०१८ च्या नोव्हेंबरात याच पट्ट्यात, माणसं मारल्याचा ठपका असलेली अवनी वाघीण मारली गेली. तिला दोन बछडे होते. शहरात तिच्यासाठी लोक रस्त्यावर उतरले आणि इकडं रात्री जागलीला, म्हणजे शेत राखायला जाणाऱ्या माणसांच्या जिवात जीव आला. ज्या घरानं माणूस गमावलं त्या घरातलं लेकरू वर्गात असेल तर वाघाची बाजू लिहायला त्याला लावू नका. त्याला म्हातारीची बाजू लिहू द्या, भोपळ्याची लिहू द्या.

आणि शेवटची चूक. खलनायकाला जे माहीत नाही तेही तो सांगतो. आपण गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेली असते म्हणून हे होतं. भोपळ्याच्या गोष्टीत म्हातारी वाघाला सांगते, लेकीकडं जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा. वाघ तिला सोडतो. परतताना ती भोपळ्यात बसते. वाघ विचारतो तेव्हा भोपळ्यातून आवाज येतो, म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. बहुतेक पोरं लिहितात, "म्हातारीनं मला फसवलं." पण वाघाला हे कोण सांगणार? त्यानं तर फक्त एक भोपळा जाताना पाहिला. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा, हे त्याला कुठून कळलं? उत्तर नसेल तर वाक्य खोडा. एका पोरानं अशी सात-आठ वाक्यं खोडली. उरलेली गोष्ट जेमतेम अर्ध्या पानाची झाली. शेवट असा होता:

"एक भोपळा गेला टुणूक टुणूक करत. मी त्याले इचारलं, बुढी पाह्यली का? थो म्हणे, मले नाई ठाऊक. बुढीनं शबूद देल्ला हाय, येईनच थे. मी वाटेवरच बसून हाओ."