कावळ्यावर आलेली पांढरी साय

रंगीत पेन्सिलींनी पहिल्यांदाच कावळा काढला. काळ्यावर गडद निळा, त्यावर जांभळा, सगळं दाबून घोटलेलं. आठवड्याभरात पंखांवर धुरकट पांढरी साय धरली. आधी वाटलं, बुरशी! बोट फिरवलं तर खालून चकचकीत काळा. पेन्सिलीतलं मेण वर येतं, ते हे. जोर देऊन थर चढवले की जास्तच.

मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं, मग फिक्सेटिव्हचे (चित्रावरचा रंग पक्का धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे) दोन पातळ फवारे मारले, खिडकी उघडी ठेवून (वास डोक्यात जातो). पुढच्या चित्रात पेन्सिल मागून धरली, टोक सारखं तासत हात हलका ठेवला. वेळ दुप्पट गेला, पण कागदाचा खरखरीतपणा शेवटच्या थरापर्यंत टिकला. साय अजून तरी दिसलेली नाही.