एलबीएम + जीपीयू : फ्लोट ३२ मध्ये संथ प्रवाहात दाणेदार नॉइज येतोय? माझा अनुभव

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ब्रेकवॉटरमागे पाणी कसं फिरतं ते लॅटिस बोल्ट्झमनने (एलबीएम, पाणी जाळीवर कणांच्या गटांसारखं सरकवून प्रवाह काढायची पद्धत) जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डवर) चालवतोय, डी३क्यू१९ (त्रिमितीय जाळी, दर बिंदूला १९ दिशा), आकडे फ्लोट ३२ म्हणजे ३२ बिटचे. लॅटिस वेग (जाळीच्या एककात, दर स्टेपला किती घरं) ०.००१ च्या खाली गेला की संथ कोपऱ्यांत दाणेदार नॉइज आणि एकूण मास हळूहळू सरकतं. फास्ट-मॅथ (कंपायलरचं झटपट पण कमी अचूक गणित) बंद केलं, फरक नाही, इनलेटचा (पाणी आत येतं त्या कडेचा) वेग उतरवला तर उलट वाढलं. डोकं उठलं होतं नुसतं. डबल प्रिसिजनला (६४ बिटचे आकडे) नॉइज जातो पण गेमिंग कार्डवर ते फार रखडतं आणि पावसात इथे लाईट कधी जाईल नेम नाही, लांब रन परवडत नाही.

कारण असं की एफ मध्ये (दर बिंदूला प्रत्येक दिशेने जाणाऱ्या कणांचा वाटा) त्या दिशेचं ठरलेलं वजनच (१/३, १/१८, १/३६) मोठं, वेगाचा भाग इवलासा, फ्लोटचे जेमतेम ७ अंक वजनातच संपतात.

तर मेमरीत एफ ठेवूच नका, जी = एफ वजा वजन ठेवा. पाणी स्थिर असेल तर सुरुवातीला सगळे जी ०. मग दर स्टेपला आधी एस = सगळ्या जींची बेरीज, घनता = १ + एस, एस वेगळा जपून ठेवा. नंतर वेग = (दिशा × जी) ची बेरीज ÷ घनता. मग समतोल (त्या घनतेला आणि वेगाला जी जिथे स्थिरावेल ती किंमत) थेट असा काढा: वजन × [एस + घनता × (३क + ४.५क² − १.५वेग²)], इथे क म्हणजे दिशा आणि वेगाचा डॉट गुणाकार. हे महत्त्वाचं, आधी पूर्ण समतोल काढून मग वजन वजा केलंत तर अंक तिथेच गेले. कोलिजन (जी समतोलाकडे ओढायची पायरी) नेहमीसारखंच, बाऊन्सबॅकला (भिंतीला आपटलेलं उलट दिशेला परत पाठवणं) हात लावायचा नाही कारण विरुद्ध दिशांची वजनं सारखीच, फक्त इनलेटचा समतोलही ह्याच सूत्राने घ्या.

नॉइज गेला, मास जागेवर, स्पीड होता तोच.