बंगल्यात हीट पंप बसवायचाय? बोअर मारू नका

परदेशातल्या मुलाकडे हिवाळा काढून आलेले आई-बाबा हल्ली मला विचारतात, "तिथे जमिनीतली उष्णता घेऊन अख्खं घर गरम ठेवतात. आमच्या बाणेरच्या बंगल्यात बसवून द्याल का?"

तिकडे ते बरोबर आहे. जर्मनीत बाहेर उणे पाच असलं तरी पंधरा मीटर खाली जमीन वर्षभर १० अंशांच्या आसपास असते. खाली सोडलेल्या पाइपातून पाणी फिरवायचं, ती ऊब वर आणायची आणि कंप्रेसरने वाढवायची. हाच हीट पंप; उलटा चालवलेला फ्रिजच तो. पण पुण्यात घर गरम करायचं दुखणं कोणाला आहे? आपल्याला आंघोळीचं पाणी हवं. इथली खोल जमीन पंचविशीच्या घरात, आणि जानेवारीतल्या दुपारची हवाही त्याहून थंड नसते. मग शंभर मीटर काळा पाषाण फोडून मिळवायचं काय? जमिनीऐवजी हवेतली ऊब घेऊन पाणी तापवणारा हीट पंप घ्या.

चार माणसांना २०० लिटरची टाकी पुरते. हिवाळ्यात पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला साध्या गिझरला ८ युनिट वीज लागते, याला साधारण पावणेतीन. पण कधी चालवता त्यावर सगळं आहे. बहुतेक लोक गिझरच्या सवयीने पहाटे पाचला लावतात. पाषाण-बाणेरकडे तेव्हा ९-१० अंश असतात, पंपाची दमछाक होते. टायमर दुपारी बारा ते चार ठेवा. टाकी चांगली असेल तर सकाळपर्यंत पाणी गरमच राहतं. छतावर सोलर पॅनल असतील तर वीजही तेव्हाचीच.

पंपाचं यंत्र उघड्यावर बसवा, वर शेड घालून. बंद ड्राय बाल्कनीत कोंबलंत तर स्वतःच सोडलेली गार हवा परत ओढतं. टाकी ते बाथरूम पाइप जितका आखूड तितका बरा; त्यावर काळा फोम चढवा, आणि उन्हात असेल तर वरून टेप. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं, म्हणून टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा काढून बघायचा. झिजला असेल तर बदलायचा, नाहीतर त्याच्याऐवजी टाकी गंजते. हे विकणारे सांगत नाहीत.

आणि या यंत्राखाली पाणी ठिबकतं, पावसाळ्यात तर धारच लागते. त्याला नळी जोडून थेट गटारात सोडा. शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेलं की पुढचं तुम्हाला माहितीच आहे.