पणजोबाचा बाप नेमका कोण? कागदं दोन नावं सांगायलेत तर काय करायचं

फेरफारात (जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद) पणजोबाच्या बापाचं नाव एक अन् शाळेच्या रजिस्टरात दुसरंच, असं निघालं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतेत. मराठवाड्यात तर हे लईच होतंय, कारण १९४८ पर्यंत निजामाचं राज, दप्तर उर्दूत, घरचे जुने कागद मोडीत, अन् नंतर तेच मराठीत उतरवलेलं, उतरवणाऱ्याला जे वाचता आलं ते.

सगळ्यात आधी, कागद मोजत बसू नका. चार ठिकाणी एक नाव अन् एका ठिकाणी दुसरं, म्हणून चारवालं खरं असं नसतंय. टीसीवरून नोकरीचं सर्विस बुक, त्यावरून पेन्शन, त्यावरून मृत्यूचा दाखला, म्हणजे कागद चार पण साक्षीदार एकच. त्यामुळं प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा: हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, अन् कशासाठी सांगितलं.

शाळेचं घ्या. दाखल-खारीज रजिस्टरात नाव घालायला पोराला कोण घेऊन गेलं? तालुक्याला शिकायला चुलत्याकडं ठेवलेलं पोरगं असंल तर मास्तरनं चुलत्याचंच नाव बाप म्हणून लिहिलेलं असू शकतं. जन्मतारीख १ जून असली तर ती मास्तरनं अंदाजानं टाकली असंच धरा, दोन-चार वर्षं मागंपुढं.

जमिनीच्या कागदात खरी मेख वेगळीच असते. नावापुढं ‘अ.पा.क.’ असलं तर त्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता, म्हणजे पोरगं लहान होतं अन् पुढं जे नाव आहे तो पालक. तो बाप असेल किंवा चुलता, आजा, आईसुद्धा असू शकते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुतेक थोरला भाऊ. ही अक्षरं न वाचता लोक पुढच्या नावाला बाप करून मोकळे होतेत! ‘वल्द’ असलं तर मात्र मुलगा अमुकचा असा सरळ अर्थ. अन् १९६१ च्या सीलिंग कायद्याच्या (एकाकडं किती जमीन राहील याची मर्यादा घालणाऱ्या) आसपासचे वाटणीचे कागद जरा जपून वाचा बरं का, जमीन वाचवायला तेव्हा कागदावर कुणाचं नाव कुठं घातलं याला धरबंद नव्हता.

मग तारखा एका ओळीत लावा. निजामाच्या कागदावर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं म्हणून १३३० फसली म्हणजे १९२०-२१. मोडी कागदावर शके असंल तर ७८ मिळवा. आता समजा ती दोन नावं सख्ख्या भावांची निघाली, त्यातला थोरला १३३० फसलीत वारला, अन् पणजोबाचा जन्म १९२५ च्या आसपासचा, तरी फेरफारात बाप म्हणून थोरलाच. शाळेत धाकट्याचं नाव. लोक म्हणतेत फेरफार खोटा. थांबा की जरा. पूर्वी विधवेनं मेलेल्या नवऱ्याच्या नावानं दत्तक घ्यायची रीत होती, म्हणजे बाप मेल्यावर काही वर्षांनी जन्मलेलं पोरगंसुद्धा त्याचा कायदेशीर मुलगा व्हायचं. जन्माचा बाप धाकटा, दत्तकाचा थोरला, दोन्ही कागद खरे. उर्दू कागदात ‘मुतबन्ना’ लिहिलेलं सापडलं तर समजा काम झालं, कारण त्याचा अर्थच दत्तक घेतलेला.

तो शब्द सापडला नाही तर वाटणी बघा, माझ्या मते यासारखा पुरावा नाही. दत्तक गेलेल्याचा जन्मदात्या बापाच्या जमिनीतला हक्क संपतो. तवा थोरल्याचा सर्वे नंबर पणजोबाच्या एकट्याच्या नावावर आलाय अन् धाकट्याच्या जमिनीत पणजोबाच्या बाकी भावांचीच नावं लागलीत, असं असेल तर दत्तकच. उलट पणजोबा बाकी भावांबरोबर धाकट्याच्या वाटणीत बसलेला दिसला तर दत्तकाची गोष्ट ढिली पडते. नकला तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून अर्ज करून निघतेत, १९५४-५५ चं खासरा पत्रक आवर्जून मागा. अन् उर्दू-मोडी जाणकाराकडून वाचून घ्या, घरच्या हुशार पोराकडून नको.

पैठण, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांवर लोकांचा लई विश्वास असतोय, अन् ठीकच आहे, नावं आपल्याच माणसानं सांगून लिहिलेली असतेत. पण दत्तक पोरगा पिंड देताना दत्तक बापाचंच नाव घेणार, त्यामुळं जन्माचा बाप कोण हे वही सांगणार नाही. ते सांगतील घरातल्या म्हाताऱ्या बाया. त्यांना थेट ‘दत्तक होते का’ म्हणून विचारलं की त्या गप्प बसतेत. त्यापेक्षा पणजोबाचं आजोळ कोणतं, मामा कुठल्या गावचा, लग्नात आहेर कुणाकडून आला, हे विचारा. पाट लावून (दुसरं लग्न करून) आलेल्या बाईसोबतचं पोरगं असंल तर तेही इथंच उलगडतं, कागदात कधीच नाही.

वंशावळीच्या वहीत जन्माची रेघ सरळ काढा, दत्तकाची तुटक, अन् शेजारी कागदाचं नाव अन् साल टाका. निकाल लागला नाही तर दोन्ही नावं राहू द्या. वारसासाठी तलाठ्याकडं द्यायची वंशावळ मात्र शपथपत्रावर असते, तिथं अंदाजाचं एकही नाव घालू नका.